अरबस्तानावर छत्री

जव्हारच्या मोजणी कचेरीत नाना टिपणीस पावसाळ्याचे चार महिने उघडी छत्री धरून कामाला बसत. बाहेर नव्हे, आत. आणि छत्री स्वतःच्या डोक्यावर नव्हे, तर पाठीमागच्या भिंतीवर टांगलेल्या एका जुन्या नकाशावर. खुर्ची भिंतीला चिकटवायची, डावा हात मागे तिरपा करून छत्री धरायची आणि उजव्या हाताने लिहायचं, असा सगळा कारभार. कौलांतून गळणारं पाणी छत्रीच्या काडीवरून ओघळत नेमकं त्यांच्या मानेवर येई. आषाढात नानांचा कोट वाळलेला मी कधी पाहिला नाही.

"नाना, छत्री जरा पुढे घ्या की. पार भिजताय," मी पहिल्याच पावसाळ्यात म्हणालो.

"अरबस्तानात पाऊस पडत नाही, सदोबा," नाना म्हणाले. "निदान माझ्यादेखत तरी पडू देणार नाही."

"मग नकाशाच त्या कोरड्या भिंतीवर हलवू या."

नानांनी टाक खाली ठेवला. "आणि जव्हार कुठं नेऊ?"

मी कचेरीत नवा होतो. आवक-जावक कागदांची नोंद करणारा दुय्यम कारकून. आपला वरिष्ठ वेडा आहे असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. संध्याकाळपर्यंत मला त्यांचं म्हणणं पटलं, आणि मग मला स्वतःचीच काळजी वाटू लागली.

नकाशा होता अरबस्तानाचा आणि त्याच्या पलीकडच्या आफ्रिकेच्या कोपऱ्याचा. नाना त्या कोपऱ्याला जुन्या पद्धतीने हबसाण म्हणत. नकाशा तांब्याच्या पत्र्यावरून छापलेला, मागून कापड लावलेला, दोनशे वर्षांचा तरी असावा. अक्षरं कुठल्या तरी विलायती भाषेची, जव्हारात कुणालाही न येणारी. तांबडा समुद्र खरोखरच तांबड्या शाईने रंगवलेला. त्यात एक गलबत आणि मिशा असलेला एक मासा. वाळवंटात एक उंट होता, पण काढणाऱ्याने उंट पाहिलेला नसावा, कुणीतरी त्याला तोंडी सांगितला असावा. मधोमध मोठी मोकळी जागा. पूर्वीच्या महाराजांच्या वेळी मुंबईच्या लिलावात एक घड्याळ, एक आरसा आणि हा नकाशा असा एकगठ्ठा माल आला होता म्हणे. घड्याळ बंद पडलं, आरसा फुटला आणि नकाशा मोजणी कचेरीच्या गळ्यात पडला.

या नकाशात जव्हार नव्हतं. नकाशा मस्कतच्या थोडं पुढे संपत होता आणि त्यापुढे होती चुन्याची भिंत. नानांना हे सहन होईना. त्यांनी आठ दिवस मापं काढली, नकाशावरच्या आडव्या रेघा कोळशाने भिंतीवर पुढे ओढल्या आणि नकाशाच्या कडेपासून हातभर अंतरावर एक खिळा ठोकला. खाली लिहिलं, 'जव्हार'. माप बरोबर होतं, ते मी स्वतः तपासलं आहे. जिद्दा आणि आपण जवळजवळ एकाच रेघेवर आहोत, हे नाना येणाऱ्या-जाणाऱ्याला असं सांगत की जणू दोघांची पडवी एक आहे. आता नकाशा हलवायचा तर खिळाही हलवायला हवा, आणि खिळा म्हणजे राजधानी.

नानांच्या कोटाच्या खिशात मेण लावलेली एक दोरी कायम असे. कुणी कसलाही वाद काढला की त्यांचं ठरलेलं वाक्य, "आधी दोरी!" माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मांडव कुणाच्या अंगणात किती सरकला यावरून दोन्हीकडचे लोक हमरीतुमरीवर आले होते. नाना पंगतीतून उठले, खरकट्या हाताने दोरी काढली, माप घेतलं आणि दोघंही वीतभर चुकलेले आहेत असं जाहीर केलं. त्याबरोबर दोन्हीकडचे लोक एक झाले आणि नानांवर धावून गेले. लग्न मात्र सुरळीत पार पडलं. "माणूस चुकतो. दोरी चुकत नाही," नाना परत येताना मला सांगत होते. त्यांच्या धोतरावर आमटी सांडली होती.

गंमत अशी की या माणसाने समुद्र पाहिलेला नव्हता. डहाणूला जाऊन येऊ म्हटलं की म्हणत, "चार समुद्र इथं भिंतीवर आहेत. पाचवा कशाला?" बायको फार वर्षांपूर्वी गेलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या नावाने टपाल येई ते वर्षातून एकदा, पंचांग विकणाऱ्याचं. ते सुद्धा नाना दोनदा वाचत.

मग जर्मनची लढाई सुरू झाली. आमच्या डोंगरातल्या पाड्यांवरून काही माणसं सरकारच्या मजूर टोळ्यांत आणि खेचरांच्या तांड्यांत भरती होऊन बोटीने गेली. कुठे गेली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. महिन्या-दोन महिन्यांनी एखादं कार्ड येई. छावणीतल्या कुणा लेखनिकाने लिहिलेलं, 'मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवणे.' गावाचं नाव लिहायची परवानगी नव्हती, आणि चुकून लिहिलं असेल तर त्यावर काळी शाई फासलेली. बायका ती कार्डं घेऊन बाजारच्या दिवशी जव्हारला येत आणि वाचून घेण्यासाठी मोजणी कचेरीच्या पायरीवर बसत. सुरुवातीला एक आली, मग पाच, मग सतरा.

नाना नुसतं वाचून थांबणारे नव्हते. 'इथले पाणी खारट आहे' एवढ्या वाक्यावर ते अर्धा दिवस घालवत. 'खजूर पुष्कळ' म्हटलं की बसऱ्याकडे. 'डोंगर काळे व झाड नाही' म्हटलं की एडन. 'सूर्य पाण्यात बुडतो' म्हटलं की नाना उठून उभे राहत. "म्हणजे समुद्र पश्चिमेला! आधी दोरी!" मग खिळ्यापासून दोरी ताणायची, नकाशावर बोट टेकवायचं आणि त्या बाईला सांगायचं, "हा बघ. इथं आहे तुझा नवरा."

पाड्यावरचे लोक कुणालाही अहोजाहो करत नाहीत. महाराजांनाही नाही, मग नानांची काय कथा. वांगणीची लखमी पहिल्या खेपेला बराच वेळ त्या बोटाकडे बघत राहिली. दुसऱ्या खेपेला पानाच्या द्रोणात तांदळाचं पीठ कालवून घेऊन आली. लग्नात घराच्या भिंतीवर चौक लिहितात, तेच पीठ आणि तीच बारीक काडी. नाना हां हां म्हणेपर्यंत तिने दोनशे वर्षांच्या नकाशावर एक पांढरा ठिपका टेकवला आणि शेजारी इवलीशी कुऱ्हाड काढली.

नाना किंचाळले. मी त्यांना कधी किंचाळताना ऐकलं नव्हतं. "अगं, सरकारी वस्तू आहे ती!"

"तो एकलाच तठं हाय," लखमी शांतपणे म्हणाली. "घरचा काय तरी पायजे ना त्याला. कुऱ्हाड त्याचीच हाय."

नाना ओला फडका आणायला गेले आणि फडका न आणताच परत आले. महिन्याभरात अरबस्तानात सतरा ठिपके झाले. कुणाशेजारी फणी, कुणाशेजारी कोंबडी, कुणाशेजारी मासे पकडायची टोपली.

मग खिळ्यावरून भांडण झालं. लखमी म्हणाली, दोरी जव्हारपासून का मोजतोस, माझा माणूस वांगणीचा आहे. सूर्यमाळच्या बुधीने विचारलं, मग आमचा खिळा कुठे? नानांनी समजावलं की एवढ्या लहान नकाशात जव्हार, मोखाडा, सूर्यमाळ, वांगणी, सगळं या एका खिळ्याच्या डोक्याखाली येतं. "मग खिळा बारीक ठोक," लखमी म्हणाली. नानांनी सुताराकडून सर्वांत बारीक चूक, म्हणजे टाचणीएवढा खिळा, आणवून त्याच जागी ठोकली. त्यानंतर बायका कचेरीत आल्या की आधी त्या चुकेला बोट लावत आणि मग नकाशाकडे वळत.

ही बुधी म्हणजे जिवल्याची आई. नवरा नाही, दुसरं मूल नाही. सूर्यमाळहून निघायची, मोखाड्याला मुक्काम करायची आणि दुसऱ्या दिवशी बाजार भरायच्या आत आमच्या पायरीवर हजर. महिन्यातून एकदा, न चुकता. जिवल्या खेचरांच्या तांड्यात होता आणि नानांच्या हिशेबाने एडनच्या वरच्या अंगाला. त्याच्या ठिपक्याशेजारी तिने काही काढलं नव्हतं. "त्याला काय बी नको. तो लवकर येणार हाय," ती म्हणे. जिवल्याच्या एका कार्डात म्हणे लिहिलं होतं की इथं पाऊस पडत नाही, भात कसा खातात कोण जाणे. हे वाक्य नाना तिला दर खेपेला वाचून दाखवत आणि ती दर खेपेला तोंडाला पदर लावून हसे.

ठिपके झाल्यापासून नानांची छत्री अधिकच मागे झुकली. पाण्याचा एक थेंब पुरे होता. शिवाय मुंग्या होत्या. तांदळाचं पीठ म्हटल्यावर त्या काय सोडतात? एका सकाळी बसऱ्याचे अडीच ठिपके मुंग्यांनी खाल्ले. बाजारचा दिवस होता. नानांनी माझ्या डब्यातला भात कुस्करून, पाणी घालून, घामाघूम होत ते ठिपके भरले, कोंबडीसकट. कोंबडी जमली नाही. बाई आली, निरखून म्हणाली, "माझी कोंबडी वाळली काय रं?" नाना म्हणाले, "तिकडे ऊन फार आहे."

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं. श्रावणात एक कागद आला.

आवक वहीत नोंद करणारा मीच, म्हणून तो मी पहिला वाचला. ठाण्याहून आलेला, इंग्रजीत, चार ओळींचा. जिवल्या, राहणार सूर्यमाळ, आषाढातच तापाने छावणीत वारला होता. जागा होती एडनच्या वरच्या अंगाला. नानांच्या बोटाखाली जी जागा होती तीच. नातेवाइकांना कळवावे, असा शेरा होता.

नानांनी कागद घेतला, दोनदा वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला. "तू कुणाला बोलू नकोस. मी सांगतो तिला."

बुधी आली. मी वहीत डोकं खुपसून बसलो. नानांनी घसा साफ केला, दोरी काढली, परत खिशात घातली, परत काढली. "बुधे," ते म्हणाले, "हलला बरं का तुझा जिवल्या तिथनं." आणि त्यांनी चाकूच्या टोकाने एडनवरचा ठिपका खरवडला, तिच्या द्रोणातलं पीठ घेतलं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चार बोटं पूर्वेला नवा ठिपका टेकवला.

"घरा निघाला?" बुधीने विचारलं.

"हं," नाना म्हणाले.

ती गेल्यावर मी त्यांना बोललो. वरिष्ठ होते तरी बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. "पुढच्या बाजाराला सांगतो," म्हणाले. "आज तिच्या पायाला काटा लागला होता."

भाद्रपदात ठिपका चार बोटं पुढे आला. आश्विनात आणखी चार. दर वेळी काही ना काही कारण होतंच. एकदा तिची नागली कापायची होती. एकदा ती फार खुशीत होती. आता या ठिपक्यात नाना डिंक मिसळू लागले, मुंग्यांनी खाऊ नये म्हणून. कार्ड का येत नाही असं ती विचारी, तर बोटीवर टपाल नसतं असं नाना सांगत. मला सगळ्यात भीती वाटायची ती नकाशाच्या कडेची. मार्गशीर्षात ठिपका मस्कत ओलांडून अगदी कडेला येऊन टेकला. पुढे हातभर कोरी भिंत आणि भिंतीच्या पलीकडच्या टोकाला ती चूक. त्या भिंतीवर आता नाना काय करणार होते? पाहुणा भिंतीवर चढला की त्याला घरी पोहोचवावं लागतं. बुधीलाही ते दिसत होतं. जाताना तिने बोटांनी ती भिंत मोजली. "पुढल्या खेपेला इकडं," ती म्हणाली, आणि चुन्यावर हलकेच टिचकी मारली.

त्याच आठवड्यात कारभाऱ्यांनी मला बोलावलं. दरबारचा सगळा कारभार त्यांच्या हातात, आणि स्वभाव घाबरट. पौषात ठाण्याहून साहेब दौऱ्यावर येणार होते. त्यांना जुन्या नकाशांचा भारी नाद. आमच्या नकाशाबद्दल त्यांनी ऐकलं होतं आणि तो बघायची इच्छा कळवली होती. साहेबांना आवडला तर तो भेट द्यायचा, असा कारभाऱ्यांचा बेत होता.

मी मान हलवली आणि कचेरीत परत येऊन आधी भिंतीवरच्या खुणा मोजल्या. लढाई चालू होती. छावणीचं नाव कार्डावर लिहायला बंदी, आणि आमच्या भिंतीवर सतरा माणसांच्या जागा खुणांनिशी मांडलेल्या. शिवाय एडनपासून मस्कतपर्यंत किनाऱ्याने खरवडल्याच्या पांढुरक्या खुणांची रांग, म्हणजे सरळ बोटीची वाट. कुठल्याशा संस्थानात एका कारकुनाला यापेक्षा कमी गोष्टीसाठी धरून नेल्याचं बाजारात ऐकू येत होतं. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं.

"नाना, पुसून टाका," मी म्हणालो.

"माणसं आहेत ती."

"पीठ आहे ते!"

नाना माझ्याकडे असे बघत राहिले की मीच नजर वळवली. पुढचे आठ दिवस ते कारभाऱ्यांना निरोप पाठवत होते. नकाशाला वाळवी लागली आहे. नकाशा उतरवला तर फाटेल. नकाशाच्या मागच्या भिंतीत गांधीलमाश्यांचं घर आहे. कारभाऱ्यांनी उलट निरोप धाडला की साहेब कचेरीतच येऊन बघतील.

साहेब यायच्या दिवशी सकाळी नाना आंघोळीला घरी गेलेले असताना मी फडका भिजवला. लखमीची कुऱ्हाड एका पुसण्यात गेली. फणी गेली, कोंबडी गेली, टोपली गेली. एक एक करत सोळा माणसं मी अरबस्तानातून पुसून काढली. सतरावा ठिपका जाईना. डिंकाचा होता. जोरात घासलं तर नकाशाच फाटायचा. मी फडका खिशात कोंबला तोच बाहेर घोड्यांचे आवाज आले.

साहेब उंच, वाळलेले, मराठी बरंच बोलणारे. बरोबर कारभारी, घाम पुसत. पाठोपाठ नाना धापा टाकत आले, भिंतीकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबले. मग माझ्या खिशाकडे पाहिलं. खिशातून पाणी टपकत होतं. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

साहेबांनी काचेचं भिंग काढलं. उंटावर हसले. मिशांच्या माशावर हसले. कारभारीही हसले. "फार छान, फार दुर्मिळ," साहेब म्हणत होते आणि भिंग हळूहळू पूर्वेकडे सरकत होतं. नकाशाच्या कडेला ते थांबलं. साहेबांनी नखाने ठिपका खरवडून पाहिला.

"हे बेट कोणतं? इथं बेट नाही."

भिंग मागे फिरलं. मस्कत, मग किनाऱ्याने चार बोटं, आणखी चार बोटं, खरवडल्याची एक एक खूण. एडनपर्यंत जाऊन साहेब सरळ उभे राहिले. आता ते हसत नव्हते.

"ही बोटीची वाट आहे. कुणी काढली?"

कारभाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नानांकडे. नाना 'बेट आहे' म्हणाले असते, पूर्वीच्या कुणी काढलंय म्हणाले असते, तरी चाललं असतं. निदान मी तेच म्हणालो असतो.

"मी काढली," नाना म्हणाले. "ते बेट नाही साहेब. माणूस आहे. सूर्यमाळचा. घरी येतोय."

"कोण माणूस? कोणती बोट? तुला ही बातमी कुणी दिली?" साहेबांचा आवाज चढला. दारातला शिपाई दोन पावलं आत आला. कारभारी "साहेब, साहेब" एवढंच म्हणत होते. दोन्ही हातांनी नाना कोटाच्या खिशातली दोरी चाचपत होते.

श्रावणातला तो कागद कुठे लावला आहे ते फक्त मला माहीत होतं. मी उठलो, दप्तर सोडलं आणि कागद साहेबांपुढे धरला. ओल्या बोटांचे ठसे त्यावर उमटले. साहेबांनी चार ओळी वाचल्या. तारीख पाहिली. नकाशाकडे पाहिलं. परत तारीख पाहिली.

"हा तर आषाढात मेला," ते हळू म्हणाले.

"होय," मी म्हणालो. "वाट त्यानंतरची आहे. दर महिन्याला चार बोटं. त्याची आई येते तेव्हा."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. बाजारचा दिवस होता. शिपायाने सगळ्या बायकांना पिटाळलं होतं, पण एकजण पायरीच्या टोकाला पाठमोरी बसली होती. मांडीवर द्रोण.

"ती का?"

नानांनी मान हलवली.

साहेबांनी कागद घडी करून नानांच्या हातात ठेवला. "नकाशा मी नेत नाही," ते कारभाऱ्यांना म्हणाले. नानांना म्हणाले, "आज सांग." जाताना पायरीवर त्यांनी टोपी काढली. बुधी अंग चोरून बाजूला सरली. तिला वाटलं, साहेबाला वाट हवी आहे.

मग ती आत आली. आधी चुकेला बोट लावलं. नकाशाकडे बघितलं आणि तिचे डोळे मोठे झाले.

"बाकीची कठं गेली रं?"

"येतील. परत लावू," नाना म्हणाले. "प्रत्येकाची गाठ आहे माझ्याकडे." त्यांनी दोरी काढली. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की त्या मेणाच्या दोरीवर बारीक बारीक गाठी होत्या. सतरा. मी ज्यांना पुसलं होतं ते सगळे तिथे होते.

"माझा पोसा, जिवल्या, हाय तठंच," बुधीने कडेच्या ठिपक्याकडे पाहिलं आणि हसली. "आज भिंतीवर येणार ना?" तिने द्रोण पुढे केला.

नानांनी द्रोण घेतला नाही. दोरीचं एक टोक त्यांनी चुकेला टेकवलं. दुसरा हात वर जाईना. मी त्या माणसाला पंचवीस-तीस वर्षं ओळखत असल्यासारखं मला त्या क्षणी वाटलं. चार वर्षंच झाली होती.

"बुधे," नाना म्हणाले, "माझी दोरी खोटी."

बुधीने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग दोरीकडे. बाजारातला गलबला आत ऐकू येत होता. तिचं हसू गेलं नव्हतं, पण ते तिथे नुसतं राहिलेलं होतं.

"किती खोटी?" तिने विचारलं.

नानांनी चुकेपासून दोरी सोडत नेली. कोऱ्या भिंतीवरून, कडेच्या ठिपक्यावरून, मस्कतवरून, त्या सगळ्या खरवडलेल्या खुणांवरून, पार एडनच्या वर. तिथे बोट टेकवलं. दोरी ताठ झाली.

"एवढी," ते म्हणाले.

ती खाली बसली. नानाही शेजारी जमिनीवर बसले. ती रडली नाही, निदान आमच्यासमोर नाही. मग तिने विचारलं, "तठं माती हाय का नुसती वाळू?" नाना म्हणाले, "वाळू." ती उठली, काडी पिठात बुडवली आणि नानांचं बोट होतं तिथे ठिपका टेकवला. या वेळी तिने शेजारी काहीतरी काढलं. बारीक बारीक उभ्या रेघा, एका ओळीत. आम्हाला कळेना.

"भात हाय," बुधी म्हणाली. "लावणीचा."

कडेचा डिंकाचा ठिपका नानांनी त्याच दिवशी चाकूने खरवडून काढला. पुढच्या बाजाराला बाकीचे सोळा दोरीच्या गाठींवरून बायकांनी परत लावले. पीठ मी कालवलं. कोंबडीच्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी काही न विचारता दोनदा कालवलं.

लढाई संपल्यावर माणसं परतली. जिचा माणूस आला त्या बाईने आपला ठिपका आपल्या अंगठ्याने पुसला. लखमी तर नवऱ्यालाच बरोबर घेऊन आली आणि त्याच्याकडून कुऱ्हाड पुसवून घेतली. एकच ठिपका राहिला. बुधी दर वर्षी लावणी आटपली की येई आणि त्या भाताच्या रेघा ताज्या करून जाई.

साहेबांची अवकृपा झाली नाही म्हणून कारभाऱ्यांना इतकं हायसं वाटलं होतं की त्यांनी कचेरीवर नवी कौलं घातली. त्या पावसाळ्यात छत गळलं नाही. टेबलं कोरडी, दप्तरं कोरडी. मी आषाढातल्या एका सकाळी कचेरीत गेलो तर नाना खुर्ची भिंतीला लावून, डावा हात मागे तिरपा करून, छत्री उघडून बसलेले.

"नाना," मी म्हणालो, "आता गळत नाही."

"माहीत आहे," ते म्हणाले, आणि मान मागे वळवून छत्री एडनच्या बाजूला जराशी आणखी सरकवली.